राबात गेलेली निळी पिशवी

"आई, दवाखान्याची निळी पिशवी कुठं ठेवलीत?"

वैष्णवी कंपनीतून येऊन हातपाय धुऊन आली होती आणि ओढणीला तोंड पुसता पुसता विचारत होती. कमळ चुलीपुढे बसून सुकट भाजत होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "राबात घातली."

"राबात म्हणजे?"

"राबात म्हंजे राबात. खालच्या शेतात, भाताची रोपं करतो तिथं. शेण, पाला, गवात रचलं, मधी ती पिशवी घातली नि सकाळी भाजून टाकली. पेटली पण चांगली. पिलास्टिक होतं ना."

वैष्णवी होती तिथेच, ओल्या पायांनी, भिंतीला टेकून खाली बसली. कमळने आता मात्र मान वर केली. सून रडत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती चुलीकडे बघत होती.

आता कमळचं तरी काय चुकलं म्हणायचं? नवरा दवाखान्यातून धडधाकट परत आला होता. पित्ताशयातले खडे काढून, पोटाला टाके घालून गणू दारात उभा राहिला तेव्हा तिने रीतसर भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायावर पाणी घातलं आणि लेकाच्या, शेखरच्या हातातली ती निळी पिशवी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. सरळ गोठ्यात ठेवायला लावली. दुखण्याची वस्तू घरात घेतली की दुखणं वाट विसरत नाही, असं तिची सासू मरेपर्यंत सांगायची, आणि म्हातारीने सांगितलेलं कमळने आजवर कधी मोडलं नव्हतं. लेकाने दवाखान्यासाठी घेतलेला कोरा करकरीत थर्मास होता पिशवीत. तिचा जीव हळहळला, पण तोही तिने राबात घातला. पैशाकडे बघून कुठे रीत होते का?

पण त्या पिशवीत फाइलही होती. बिलं, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या, सगळं अस्सल.

"आई, ते कागद पाठवले की पैसे परत मिळणार होते," वैष्णवी हळू आवाजात म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी लावून ठेवणार होते सगळे."

वैष्णवी मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत नोकरीला होती आणि त्या कंपनीने कामगारांचा विमा उतरवला होता. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने सासूसासऱ्यांची नावं त्यात लावली, दोघांची कार्डं छापून, लॅमिनेशन करून आणून दिली. कमळने आपलं कार्ड मोठ्या कौतुकाने भांड्यांच्या फळीवर उभं केलं होतं. नाव, वय सगळं होतं त्यावर. पण कार्ड चालतं ते यादीतल्या हॉस्पिटलात. तिथे दाखवलं की बिल विम्यातून परस्पर भरलं जातं. गणूचं पोट दुखायला लागलं ते विहिणीच्या घरी, शहापुरात. वाल पोचवायला म्हणून गेलेला माणूस तिथेच गुरासारखा लोळायला लागला. जवळ जे हॉस्पिटल होतं तिथे नेलं, आणि ते नेमकं यादीत नव्हतं. अशा वेळी आधी आपल्या खिशातून भरायचं आणि मागाहून अस्सल कागद जोडून मागायचं, असा कायदा. वैष्णवीने आपली एफडी मोडून बिल भरलं होतं. कमळला ते ठाऊक होतं. पोरगी कितीतरी दिवस स्कूटीचे फोटो बघत असते, तेव्हा पैसे स्कूटीचेच असणार, असं ती धरून चालली होती.

खाटेवर पडलेल्या गणूने सगळं ऐकलं. "माझे खडे डॉक्टरनं डबीत घालून दिलेले. ते पण भाजलेस काय गो?"

"ते पयले."

गणूला हसू आलं आणि टाके दुखले म्हणून त्याने पोट धरलं. शेखर पिकअप लावून आत आला, त्याला कळल्यावर "आई, तू पण ना," एवढंच बोलून तो बाहेर गेला. वैष्णवीने सगळ्यांना वाढलं, स्वतः अर्धी भाकरी खाल्ली. बोलली असती, भांडली असती, तर कमळला बरं वाटलं असतं. तिने भांडायची तयारी ठेवली होती. ती तयारी तशीच पडून राहिली.

"उद्या मी शापूरला जाते," कमळ भांडी आवरताना म्हणाली. "माझ्या हातानं जाळलंय, माझ्या पायानं आणते."

"आई, तुमी कशाला? मी सुट्टी टाकते."

"तुझी सुट्टी कापतील. माझी कोण कापतो?"

मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत एसटी शहापूरला पोचली तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीमागे जगदीश बसायचा. चाळिशीचा, किन्हवलीकडचा, चष्मा कपाळावर ढकलून बोलायची सवय असलेला. विम्याचं सगळं तोच बघायचा. त्याने कमळला लगेच ओळखलं. गणूला दाखल केला तेव्हा वॉर्डात बायकांना राहू देत नाहीत म्हणून वेगळ्या खोलीसाठी भांडलेली बाई तो कशी विसरेल?

"मावशी, टाके काढायला काकांना आणायचं, तुमी एकट्याच आलात?"

"टाक्यांचं नाय. कागद पायजेत परत."

"अस्सल कागद दिलेत ना आमी?"

"दिलात. भाजले."

"भाजले म्हणजे? घर पेटलं की काय?"

"घर कशाला पेटंल? राबात घातले."

जगदीश स्वतः शेतकऱ्याचा मुलगा. राब म्हणजे काय हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने चष्मा खाली ओढून कमळकडे नीट बघितलं, मग हसू दाबत कॉम्प्युटरकडे वळला. "दुसरी प्रत काढून देतो. त्याच्यावर तसा शिक्का मारतो, डॉक्टरांची सही लागंल. औषधांची बिलं खाली मेडिकलवाला परत देईल. पण मावशी, एक पत्र पण लागतं, स्टँप पेपरवर. पॉलिसी तुमच्या सुनेच्या नावावर, म्हणजे सही तिची. मजकूर मी लिहून देतो."

"पत्र कसलं?"

"मूळ कागद गहाळ झाले, नि ह्या बिलाचे पैसे दुसरीकडं कुठं मागितले नाय, मागणार नाय, असं. लोक एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे उचलतात ना, म्हणून त्यांना अस्सल कागद लागतात."

"गहाळ म्हंजे?"

"हरवले."

"हरवले कुठं? मी माझ्या हातानं घातले."

"मावशी, सगळे तसंच लिहितात."

"सगळे लिवोत. उद्या त्यांनी इचारलं, कुठं हरवले, कसे हरवले, तर आमी काय सांगू? मला खोटं लक्षात राहत नाय."

मागे रांगेत उभा असलेला माणूस खुसखुसला. जगदीशने कागद पुढे ओढला. "बरं. 'शेतात राब भाजताना चुकून जळाले.' चालंल?"

"चुकून नाय. मुद्दाम घातले."

"मुद्दाम लिहिलं तर छदाम यायचा नाय मावशी."

कमळने विचार केला. "मग 'न कळता' लिवा. ते खरं आहे."

जगदीशने 'न कळता' लिहिलं. मग कमळने मघापासून जिभेवर असलेला प्रश्न विचारला, सगळे पैसे परत येतील ना? जगदीशने खोटा धीर दिला नाही. हातमोजे, कापूस, नोंदणीची फी, असल्या गोष्टींचे पैसे विमावाले देत नाहीत. शिवाय पॉलिसीत बसते त्याच्यापेक्षा खोली महागाची घेतली होती, म्हणून सगळ्या बिलावरच थोडी कात्री लागेल.

"खोलीमुळं सगळ्यावर?"

"तसाच नियम आहे. डॉक्टरची फी पण खोलीप्रमाणं चढते ना. बाकीचे येतील. बहुतेक." तो थांबला. "त्यांच्या हातात पैसे, मावशी. माझ्या हातात शिक्का."

म्हणजे खोलीही आपणच घ्यायला लावलेली. करायला गेलो एक नि झालं भलतंच, कमळ मनात म्हणाली. डॉक्टर दुपारनंतर येणार होते, तोवर तिथे बसून काय करायचं? ती विहिणीकडे निघाली. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाजारपेठेतून डझनभर केळी घेतली.

वैष्णवीची आई जनाबाई मागच्या आळीत एकटीच राहायची. घराला दगडी पायऱ्या होत्या. कमळने हाक मारली तशी जनाबाई दारात आली आणि तिथेच खाली टेकली. मग बसल्या बसल्याच, हातांवर भार देत, एकेक पायरी खाली सरकायला लागली.

"थांबा विहीणबाई, माझी गाडी येतेय," ती हसत म्हणाली.

"अवो, उतरता कशाला? मी येते ना वर."

"पावण्याला सामोरं नको यायला?"

कमळ बघतच राहिली. गणू दवाखान्यात होता तेव्हा हीच बाई रोज डबा घेऊन यायची. दवाखान्याचा जिना चढून वर आली की बराच वेळ बाकावर बसून राहायची. कमळला वाटायचं, अंगाने जड आहे, दम लागत असेल. डबा उघडून ती जेवायची, वालाच्या बिरड्याचं कौतुक करायची. ह्या गुडघ्यांनी जिना चढून ते बिरडं आलंय, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

चहा झाला. कमळने पिशवीची सगळी कथा सांगून टाकली, थर्मासासकट. जनाबाई हसून हसून पदराला डोळे पुसायला लागली.

"मी पण तेच केलं असतं. आमची सासू तर दवाखान्यातनं आलेल्या माणसाच्या चपला पण आत घेत नसं."

"तुमी हसा. तिकडं पोरीचं तोंड बघवत नाय. स्कूटीचे पैसे घातलेन तिनं."

जनाबाईचं हसू थांबलं. तिने कपबशी उचलून बाजूला ठेवली, परत जागेवर सरकवली. लपवायची कला तिला फारशी अवगत नव्हती.

"स्कूटीचे नाय का ते?" कमळने विचारलं.

"आता काय तुमच्यापासनं लपवायचं? कल्याणचा डॉक्टर म्हणतो, दोन्ही गुडघे बदलायचे. सरकारीत नाव लावलंय, नंबर येईल तवा येईल. म्हणून पोरगी जमवत होती. एका गुडघ्यापुरते झाले पण होते." मग घाईघाईने पुढे म्हणाली, "पण माणूस आधी का गुडघे आधी? तुमच्या यजमानांचा जीव वाचला ना, मग झालं. मी सांगितलं तिला, मोड खुशाल."

"पण विमा आहे ना तिचा? त्याच्यात तुमी..."

"त्यात एकच घर बसतं. मायेर नायतर सासर. दोन्ही नाय लावता येत. लग्न झालं तवा तिनं मला इचारलेलं. आई, तिकडं दोघं जण आहेत, तू एकटी. मी म्हटलं, बरोबर आहे पोरी, तिकडची लाव. सासरी आलेल्या पोरीला तसंच करावं लागतं."

कमळला केळं सोलून दिलं होतं. ते तिच्या हातात तसंच राहिलं. शरम वाटली म्हणजे किती वाटली, तर समोर बसलेल्या बाईच्या गुडघ्यांकडे बघवेना. फळीवर उभं केलेलं ते कार्ड तिच्या डोळ्यांपुढे आलं. शेजारणींना तिने ते किती वेळा दाखवलं होतं.

चारला डॉक्टरांची सही झाली. मेडिकलवाल्याने बिलं दिली, लॅबवाल्याने रिपोर्ट दिले, जगदीशने सगळं लावून एका पिवळ्या पिशवीत घालून दिलं. "मावशी, ही तरी राबात नका घालू," तो म्हणाला, आणि कमळ हसली नाही तेव्हा त्याला जरा अवघडल्यासारखं झालं.

घरी पोचली तेव्हा वैष्णवी दारातच उभी होती. कमळ उंबऱ्यापाशी आली आणि सवयीने तिचा हात पिशवी बाजूला ठेवायला गेला. मग तिने पदर खोचला, पिशवी छातीशी धरली आणि आत शिरून ती देव्हाऱ्याखाली नेऊन ठेवली. खाटेवरचा गणू उठून बसला.

"सासू काय म्हणंल तुझी?" त्याने विचारलं.

"ती आता विम्यात बसत नाय," कमळ म्हणाली. मग सुनेकडे वळली. "एफडी कशाची होती गो?"

"स्कूटीची."

"गुडघ्यांची होती."

वैष्णवीने मान खाली घातली.

"मायेर नायतर सासर. मला का नाय इचारलंस तवा?"

"विचारलं असतं तर तुमी काय म्हणाला असतात आई?"

पोरीने ते टोचून विचारलं नव्हतं. साधंच विचारलं होतं. पण उत्तर कमळला माहीत होतं. नव्या सुनेला ती म्हणाली असती, सासरची लाव, त्यात इचारायचं काय? असं म्हणून ती वर दोन शब्द ऐकवायलाही विसरली नसती.

वैष्णवीने पत्रावर सही केली आणि कागद विमा कंपनीकडे गेले. मध्ये एकदा विम्याच्या ऑफिसातून फोन आला. तिकडच्या मुलीला राब म्हणजे काय ते जाणून घ्यायचं होतं. वैष्णवी सांगायला लागली तर कमळने फोन हातातून घेतला आणि आधी शेण, मग पाला, मग गवत, वरून माती, वारा कुठून असला की आग कुठून लावायची, आणि मग त्या जागेवर भाताची रोपं कशी तरारून येतात, इथपर्यंत सगळं सांगितलं. ती मुलगी बरीच घाबरली असावी. परत विचारलं नाही. पावसात भाताची आवणी उरकता उरकता पैसे जमा झाले. कात्री लागायची तिथे लागलीच होती. आले ते एका गुडघ्यालाही पुरे नव्हते.

गणपती गेले आणि कंपनीत विम्याची नवी यादी करायची वेळ आली. वर्षातून एकदाच नावं बदलता यायची. कमळने ते जगदीशकडून तेव्हाच काढून घेतलं होतं आणि कुणाला न बोलता दिवस मोजत बसली होती.

"आमची नावं काढ, तुझ्या आईचं लाव," तिने जेवताना सांगितलं.

"नाही हां आई. तुमचं दोघांचं वय काय, आणि आता काढायचं?"

"कंपनीच्या पॉलिसीत जुनं दुखणं चालतं. जगदीशनं सांगितलंय मला."

"ते चालतं. पण वर्षभर तुमच्याकडं काहीच राहणार नाही. उद्या तुमाला काय झालं तर?"

"माझे खडे निघाले," गणू म्हणाला. "आता काढायला काय राह्यलंय?"

"बाबा, मस्करी नको."

"मस्करी नाय पोरी," कमळ म्हणाली. "ती बाय त्या गुडघ्यांनी जिना चढून मला जेवायला घालत होती. मी मिटक्या मारत जेवले. आता माझ्या घशाखाली उतरत नाय ते. तू नाव लाव, म्हंजे उतरंल. वर्षभर मी आजारी पडत नाय. पुढच्या साली बघू कुणाला लावायचं."

"आजार काय तुमाला विचारून येणार आहे?"

"माझ्या घरात येताना इचारून येतो," कमळ म्हणाली, आणि तो विषय तिच्या परीने संपला. वैष्णवी त्या दिवशी भांडी घासताना रडली. कमळला दिसलं, पण ती जवळ गेली नाही. रडायला माणसाला जरा जागा लागते.

दिवाळीनंतर कल्याणच्या हॉस्पिटलात जनाबाईचे दोन्ही गुडघे झाले. यादीतलं हॉस्पिटल, कार्ड दाखवलं आणि काम झालं. प्रश्न उरला तो घरी कुठे न्यायचं याचा. शहापूरच्या घराला पायऱ्या. कमळच्या घराला पायरीच नव्हती, अंगणातून सरळ आत. पण जनाबाई काही केल्या कबूल होईना. लेकीच्या सासरी आईने राहायचं? लोक काय म्हणतील?

कमळने फोन घेतला. "लेकीच्या घरी नका येऊ. माझ्या घरी या."

शेखरने पिकअपला गादी घालून आणली. कमळने आधीच तव्यावर भाकरी टाकून ठेवली होती. तिने भाकरतुकडा ओवाळला, लांब जाऊन टाकला, पायावर पाणी घातलं. जनाबाई वॉकर धरून अंगणात उभी होती. तिची नजर वैष्णवीच्या हातातल्या दवाखान्याच्या पिशवीवर गेली.

"ती बाहेरच ठेव गो," ती लेकीला म्हणाली.

कमळने पिशवी सुनेच्या हातातून घेतली आणि विहिणीच्या पुढे आत नेली. मागून जनाबाई, वॉकर उचलत, टेकत, आपल्या पायांनी उंबरा ओलांडून आली.

"म्हसा गावच्या जत्रेला चालत जायचं हां," कमळ म्हणाली.

"चालत? आधी मोरीपर्यंत तर जाऊ दे."

संध्याकाळी सगळे जनाबाईभोवती बसले होते. वैष्णवी परात धुवायला म्हणून उठली. परातीत पिठाचा सुकलेला थर होता आणि त्याच्या कडेला कमळचं आता न चालणारं विम्याचं कार्ड पडलेलं होतं. त्याच्या एका बाजूला पीठ घट्ट चिकटलं होतं. वैष्णवीने ते उचललं, नळाखाली धरलं. पीठ गेलं आणि नाव वर आलं, वय वर आलं. तिने ते ओढणीला पुसून कोरडं केलं आणि हातातच धरून उभी राहिली.

"आई, हे तुमी..."

"परात चांगली खरवडते गो त्यानं," कमळ चुलीपाशी येत म्हणाली. "कडा कशा घट्ट आहेत बघ. उलथन्यानं तसं निघत नाय."

वैष्णवीने कार्ड आपल्या पर्समध्ये टाकायला म्हणून हात वळवला.

"ठेव तिथंच फळीवर," कमळ म्हणाली. "उद्या परत भाकऱ्या करायच्यात. आता घरात एक माणूस वाढलंय."

वैष्णवीने कार्ड फळीवर, उलथन्याशेजारी, नाव दिसेल असं उभं करून ठेवलं.